माळरानाचा प्राचीन रहिवासी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त रेणापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जीवदया हा शब्द या सभागृहाला नवा नाही. गाय, कबुतर, मुंगी यांच्यासाठी आपले मन सहज द्रवते. आज मात्र ज्याचे नाव काढताच मेंढपाळाचा हात काठीकडे जातो, अशा प्राण्याविषयी मी बोलणार आहे. तो म्हणजे लांडगा.

वाघाला जंगल लागते, तसे लांडग्याला माळरान लागते. दख्खनच्या पठारावरील कुसळी गवताचे, खडकाळ माळ हे त्याचे घर. काळविटांची संख्या घटली तसा तो शेळ्या-मेंढ्यांवर अधिक अवलंबून राहू लागला आणि माणसाचा वैरी ठरला.

या उपेक्षित प्राण्याचे मोल जगासमोर आले ते अनेक देशांच्या संशोधकांनी हातात हात घालून केलेल्या कामामुळे. २००४ साली भारतीय वन्यजीव संस्था आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन भारतातील लांडग्यांचे प्राचीन वंश वेगळे असल्याचे दाखवून दिले. तो अभ्यास मायटोकॉन्ड्रियातील डी.एन.ए.वर आधारलेला होता. हा वारसा केवळ आईकडून येतो. त्यामुळे वंशाची एकच बाजू त्यातून कळते.

पुढे २०२१ साली संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लॉरेन हेनेली यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात भारत, नॉर्वे व फ्रान्स येथील संशोधक सहभागी होते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्यात लांडग्यांवर पीएच.डी.चे संशोधन केलेले डॉ. बिलाल हबीब हे त्यांतले एक. चार भारतीय व दोन तिबेटी लांडग्यांच्या जनुकसंचांची तुलना श्वानकुळातील आणखी ३१ जनुकसंचांशी करण्यात आली. निष्कर्ष असा, की आज हयात असलेल्या लांडग्यांमध्ये भारतीय लांडग्याचा वंश बहुधा सर्वांत प्राचीन आहे.

या निष्कर्षाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. युरोपात किंवा अमेरिकेत लांडगे कितीही वाढले, तरी त्यांच्यामुळे आपल्या लांडग्याची उणीव भरून निघणार नाही. देशात आज तो सुमारे तीन हजारच उरला आहे. लहान लहान टोळ्या एकमेकींपासून तुटल्या, की जवळच्या नात्यात संबंध येतात, वैविध्य घटते आणि रोगाला तोंड देण्याची ताकद कमी होते.

दुसरा धोका गावकुत्र्यांचा. पुणे परिसरातील माळरानावर निसर्गप्रेमींना वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले. ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’, ‘अत्री’ ही संस्था आणि बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांनी मिळून तपास केला. लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचा भारतातील पहिला जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. हजारो वर्षे शुद्ध राहिलेला वारसा आपल्या उकिरड्याच्या कडेला विरघळू लागला आहे. शिवाय रेबीज व डिस्टेंपर हे रोगही कुत्र्यांकडून लांडग्यांकडे जातात.

येथे आपल्या करुणेची कसोटी लागते. भटक्या कुत्र्याला भाकरी घालणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु त्याचे निर्बीजीकरण व लसीकरण केल्याशिवाय ही दया अपुरी राहते. एका जिवाचे पोट भरताना दुसऱ्याचा वंश बुडत असेल, तर दयेलाही विवेकाची जोड हवी. मेलेली जनावरे गावाबाहेर उघड्यावर न टाकता पुरणे, हेही त्याच विवेकाचे अंग होय.

मेंढपाळाचे दुःखही विसरून चालणार नाही. लांडग्याने जनावर मारल्यास वनविभागाकडून नुकसानभरपाईची तरतूद आहे. पंचनामा वेळेवर व्हावा, अर्ज नीट भरला जावा, यासाठी शिकलेल्या माणसांनी त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. भरपाई हातात पडली, तर विषप्रयोगाचा विचार त्याच्या मनात येणार नाही.

शेवटी माळरानाविषयी. दप्तरी ‘पडीक’ अशी नोंद झालेली जमीन रिकामी नसते. गवत, ससा, काळवीट, धनगराची मेंढरे आणि लांडगा यांचे ते नांदते घर असते. तेथे सरसकट झाडे लावणे म्हणजेही एका परीने घर मोडणेच होय. जगभरच्या शास्त्रज्ञांनी या वारशाचे मोल सांगितले. तो जपण्याचे काम मात्र परदेशातून कोणी येऊन करणार नाही. ते माळाच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.