चुकलेलं उत्तर काय सांगतं?

(मंडळाच्या निधीसंकलन कार्यक्रमातील भाषण)



आम्ही इथले सात-आठ सॉफ्टवेअरवाले. शनिवारी सकाळी आमची कॉफी होते तेव्हा महाराष्ट्रात संध्याकाळ झालेली असते. त्या वेळात आम्ही जिल्हा परिषद शाळांतल्या काही शिक्षकांबरोबर इंटरनेटवर बसतो आणि त्यांना मुलांसाठी ऑनलाइन पाठ तयार करायला मदत करतो.

तुम्ही म्हणाल, ऑनलाइन पाठांना काय तोटा? यूट्यूबवर ढिगाने आहेत, सरकारचं 'दीक्षा' २०१७ पासून आहे. अगदी खरं. पण एकच व्हिडिओ वर्गभर दाखवला तर तो सगळ्यांना सारखाच शिकवतो; अडचण मात्र प्रत्येकाची वेगळी असते.

साधं उदाहरण घेऊ. ५२ वजा ३८. उत्तर १४. एका मुलाने २६ लिहिलं. त्याने आठातून दोन काढले, कारण 'मोठ्यातून लहान वजा करायचा' एवढंच डोक्यात बसलंय. दुसऱ्याने २४ लिहिलं. त्याने बारातून आठ बरोबर वजा केले, पण दशक सुटा केल्यावर पाचाचे चार करायला विसरला. वहीत दोघांनाही लाल फुली. पण पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दशक-एकक पुन्हा दाखवायला हवं, दुसऱ्याला थोडा सराव पुरतो. हे वर्षानुवर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंना आणि गुरुजींना ठाऊक असतं. प्रोग्रॅमरला नाही.

म्हणून पाठ शिक्षक लिहितात, आम्ही फक्त यंत्र जुळवतो. त्यासाठी 'मूडल' वापरतो. मार्टिन डुजिआमास यांनी ऑस्ट्रेलियात तयार केलेली ही प्रणाली २००२ मध्ये आली. ती मोफत आहे आणि तिचा कोड सर्वांना खुला आहे. तिच्यात प्रत्येक उत्तरागणिक पुढचं पान ठरवता येतं. २६ आलं की काड्यांचं पान, २४ आलं की सरावाचं, १४ आलं की पुढचं गणित. तशी सोय करून ठेवली तर पाठ मोबाइलवर उतरवून घेऊन रेंज नसतानाही सोडवता येतो.

कधी अडचण गणिताची नसतेच. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला वजाबाकी येते, पण शाब्दिक उदाहरणातल्या 'शिल्लक' शब्दापाशी गाडी अडू शकते. तिथे चित्र हवं, आणि त्याच्या भाषेत प्रश्न ऐकवणारा आवाज हवा. अंध मुलांसाठी 'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर आहे. युनिकोडमधला मराठी मजकूर त्याच्याकडून वाचून घेता येतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला स्वाध्याय असेल तर नुसती अगम्य अक्षरं ऐकू येतात. असे स्वाध्याय पुन्हा टाइप करणं हेही आमच्या यादीत आहे. मंडळी, ह्या कामाला इंजिनिअर लागत नाही, मराठी टाइप करता येणारं कुणीही चालतं!

आता पैशांचं बोलू. शाळेला देणगी म्हटलं की टॅबलेट आठवतात. फोटोही छान येतो. आमचं मागणं वेगळं आहे. असा एकेक पाठ नीट बांधायला शिक्षकाच्या कितीतरी संध्याकाळी जातात, त्याही वर्ग, सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं उरकून. आज जमणारा निधी आम्हाला त्या वेळासाठी हवा आहे: शिक्षकांचं मानधन, कार्यशाळा, एखादा चांगला मायक्रोफोन, सर्व्हरचं भाडं. आमचा वेळ अर्थातच विनामूल्य. पाठावर नाव शिक्षकाचंच राहील, आणि तो दुसऱ्या शाळेला मोफत घेता येईल, बदलता येईल.

आपल्या रविवारच्या मराठी शाळेतही हे उपयोगी पडेल. घरी सगळं समजतं पण वाचता येत नाही अशी मुलं, आणि अक्षरं वाचतात पण अर्थ लागत नाही अशी मुलं, एकाच बाकावर बसतात.

टॅबलेट चार वर्षांत जुना होतो. फूल ना फुलाची पाकळी, ह्यावेळी ती शिक्षकाच्या वेळासाठी द्या, एवढीच विनंती.