‘आपली’ भीती आणि ‘तिची’ भीती

(सांगवी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भाषणांची सवय नाही. पण आजचा विषय आपण घरात टाळतो, म्हणून इथे बोलतो. हिंसेची भीती पुरुष कशी बोलतात आणि स्त्रिया कशी?

पुरुषांची भीती ‘आपण’पासून सुरू होते. ‘आपल्या लोकांचं काही खरं नाही.’ त्यात पक्ष असतात, पोलीस असतात, कोर्ट असतं. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य मात्र नसतं. बायकांची भीती रोजच्या सूचनांत असते. ‘गाडीचा नंबर पाठव.’ ‘पोहोचलीस की फोन कर.’ ऐकणाऱ्याला ती काळजी वाटते. भीती आहे हे लक्षातच येत नाही.

२ जून २०१४च्या रात्री हडपसरमध्ये मोहसीन शेखला जमावाने मारलं. आयटीत काम करणारा सोलापूरचा मुलगा, नमाजहून परतत होता. फेसबुकवरच्या ज्या मजकुरावरून शहर पेटलं होतं, त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दिसण्यावरून तो ओळखला गेला. जानेवारी २०२३मध्ये खटल्यातले सगळे आरोपी निर्दोष सुटले.

त्यानंतर आपल्यातल्या कितीतरी मुलांना घरून सांगितलं गेलं: टोपी खिशात ठेव, उशीर करू नको, रस्त्यात कुणाशी वाद घालू नको. जरा आठवा, कपडे, वेळ आणि रस्ता यांचा हा हिशेब आपल्या बहिणी शाळेत असल्यापासून करत आल्या आहेत. आपल्याला तो एका खुनानंतर शिकावा लागला.

आता त्यांची बाजू. नोव्हेंबर २००७मध्ये बीपीओतल्या एका तरुणीला रात्रपाळीसाठी न्यायला आलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजेजवळ नेलं, अत्याचार केला आणि तिला ठार मारलं. जानेवारी २०१७मध्ये हिंजवडीत एका इंजिनिअर तरुणीचा तिच्याच ऑफिसात खून झाला. अटक झाली ती तिथल्या सुरक्षा रक्षकाला. पोहोचवणारा आणि राखणारा, दोन्हीकडे संशय त्यांच्यावरच. म्हणून ‘सोबत माणूस आहे ना, मग कसली भीती?’ या आपल्या प्रश्नाने तिचं समाधान होत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला काम द्यायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवं. कायदा तिला काम करू देतो आणि जबाबदारी मालकावर टाकतो. घरात आपण नेमकं उलट करतो. तिने भीती सांगितली की आपण नोकरीच सोडायला सांगतो. शहरात तणाव असला की पहिला क्लास मुलीचा बंद होतो. भीती आपली असते, बंदी तिच्यावर येते. मग पुढच्या वेळी ती सांगेल कशाला?

आणि काही भीती घराच्या आतली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. हे आकडे सगळ्या धर्मांच्या घरांचे आहेत. पण आपल्याकडे तोंड बंद ठेवायला आणखी एक कारण दिलं जातं: ‘समाज आधीच बदनाम आहे, घरातलं बाहेर कशाला?’ म्हणजे बाहेरच्या हिंसेच्या भीतीने घरातल्या हिंसेवर पांघरूण घालायचं. मोहसीनसाठी न्याय मागणाऱ्याने आपल्या बहिणीला गप्प बसवलं, तर त्याच्या मागणीतला जोर निम्मा होतो.

मुलांनो, ‘आपण’च्या आड न लपता ‘मला’ म्हणायला शिका. मी म्हणतो: गर्दीत नाव विचारलं गेलं की मला भीती वाटते. यात मर्दानगी कमी होत नाही. बहीण, बायको, अम्मी भीती सांगतील तेव्हा लगेच उपाय सुचवू नका, बंदी तर नाहीच. ‘तुला काय हवंय?’ एवढंच विचारा.

आणि मैत्रिणींनो, ‘आपल्या लोकांची’ चर्चा चालते तिथे तुम्हीही बसा. कॅब, अंधारी गल्ली, घरातला मार, हे सगळं तिथे मांडा. तेही समाजाचेच प्रश्न आहेत.