घर घ्यावे पारखून
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



लोह्यातून शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्याला गेलेली आपली मुले आता तेथेच सदनिका घेऊ लागली आहेत. पैसा मात्र पुष्कळदा येथूनच जातो. कोणी शेताचा तुकडा विकतो, कोणाच्या पाटल्या मोडल्या जातात. म्हणून या व्यवहाराविषयी आज बोलावे असे मी ठरविले.

माळेगावच्या जत्रेत बैल घेताना आपली माणसे दात पाहतात, चालवून पाहतात. शेत घेताना सातबारा पाहतात. मग जन्माची पुंजी ओतून घ्यावयाची सदनिका केवळ रंगीत चित्र पाहून का घ्यावी?

मालकीच्या सदनिकांविषयी आपल्या राज्यात 1963 साली कायदा झाला. तरीही इमारती रखडत राहिल्या, लोकांचे पैसे अडकत राहिले. पुढे 2016 साली संसदेने नवा कायदा केला आणि 2017 च्या मे महिन्यापासून महारेराचे काम सुरू झाले. त्यातील तीन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवाव्यात.

पहिली, मोठ्या नव्या इमारतीची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला जाहिरात वा विक्री करता येत नाही. तो नोंदणी क्रमांक मागून घ्यावा व मुलांकडून मोबाइलवर तपासून घ्यावा. दुसरी, करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. साठ लाखांच्या घरासाठी सहा लाखांपुढे इसार मागितला, तर "आधी करार नोंदवा" असे स्वच्छ सांगावे. तिसरी, भाव चटई क्षेत्रावर ठरवावा, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर. जिना आणि लिफ्ट यांचा वाटा मिळवून सांगितलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नये.

जुनी सदनिका घेताना पूर्वीचे सर्व करार, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा भाग-दाखला आणि बाकी नसल्याचे पत्र पाहावे. बँकेचे कर्ज फिटले आहे की नाही, हेही विचारावे. उद्या आपल्याला विकावयाची वेळ आली, तर हेच कागद घेणारा आपल्याकडे मागेल. म्हणून ते एका पिशवीत जपून ठेवावेत.

आता मुख्य गोष्ट. दागिना बाईचा मोडतो आणि खरेदीच्या कागदावर तिचे नाव नसते. कधी तर कर्जाला सहकर्जदार म्हणून तिची सही घेतात, पण करारात तिला जागा नसते. म्हणजे हप्त्याची जबाबदारी तिची आणि घर दुसऱ्याचे!

केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास राज्य सरकारने 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली आहे. असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकू नये, अशी अट पूर्वी होती. ती 2023 साली शिथिल झाली. पण पुष्कळ घरांत ही सवलत पदरात पडावी एवढ्यासाठीच बाईचे नाव घालतात आणि कागद तिला वाचूनही दाखवीत नाहीत. साठ लाखांवर साठ हजार वाचतात, हे चांगलेच. पण तिचा हक्क त्याहून मोठा आहे.

तेव्हा भगिनींनो, सही करण्यापूर्वी कागद वाचा. समजला नाही तर वकिलाला विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि आपला पैसा जेथे लागतो, तेथे आपले नाव लागलेच पाहिजे, असा आग्रह धरा. यासाठी घरात भांडण नको. पण मौनही नको.