बाई काय शिकवणार?

(गेल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरतीनंतर आणि प्रसादाआधी भाषण ठेवलं की श्रोते जागचे हलत नाहीत, ही आपल्या सेक्रेटरींची जुनी युक्ती. तेव्हा मोदक थंड व्हायच्या आत मी संपवतो. पुरुषांच्या संघाला बाई कोच चालेल का, हा विषय मला कोणी दिलेला नाही, मी मागून घेतला आहे. त्यात माझं एक जुनं देणं आहे.

मी चेन्नईत बदलीवर आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. इथे क्रिकेटइतकंच व्हॉलीबॉलचं वेड आहे, हे तुम्ही पाहताच. आमच्या कंपनीचाही संघ होता. स्पर्धा तोंडावर आली आणि कोच हवा होता. अकाउंट्समध्ये एक तमिळ बाई होत्या, कॉलेजात असताना राज्याकडून खेळलेल्या. संध्याकाळी बस यायला वेळ असला की कोर्टाच्या कडेला उभ्या राहून बघायच्या. कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं. निवड करायला आम्ही तिघं. दोघांची मतं विरुद्ध पडली आणि निर्णय माझ्यावर आला. मी म्हणालो, "बाई काय शिकवणार? पोरं ऐकणार नाहीत."

पोरांना मात्र आम्ही विचारलंच नव्हतं.

आम्ही एका गृहस्थांना नेमलं. ते पंधरा वर्षांत चेंडूला हात न लावलेले, पण पुरुष. चार संध्याकाळी आले, पाचव्या दिवशी त्यांना काम निघालं. आम्ही पहिल्याच फेरीत सरळ सेट्समध्ये हरलो. त्या बाई असत्या तर जिंकलो असतो, असं मी म्हणत नाही. समोरचा संघ खरंच भारी होता. पण नंतर आमच्या सेटरने मला कँटीनमध्ये कॉफी पिता पिता सांगितलं, "सार, आम्ही मॅडमना गुपचूप विचारत होतो." चेंडू मागे टाकायच्या आधी तुझी पाठ वाकते, समोरचे ब्लॉकर तेवढंच बघून आधीच तिकडे धावतात, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. आम्ही तिघं रोज कोर्टावर असायचो. आमच्यापैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. १ ऑगस्ट २०२४ ला ती पुन्हा वर आली. त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक! हा मुलगा तेव्हा मध्य रेल्वेत टी.सी. होता आणि धोनीला मानणारा. धोनीही एके काळी टी.सी.च होता, त्यामुळे इथल्या शेजाऱ्यांना "हा आमच्याकडचा तला" असं सांगायला आपल्याला सोपं गेलं. गुडघ्यावर बसून आणि मग पालथं पडून नेम धरायच्या दोन टप्प्यांनंतर तो पाचवा होता. शेवटी उभं राहून, जिथे रायफल सर्वांत जास्त हलते, तिथे तो वर चढला.

त्याच्या कोच कोण? दीपाली देशपांडे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः खेळलेल्या नेमबाज. पुढे त्यांना द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. बातमी वाचताना मला आमच्या अकाउंट्समधल्या बाई आठवल्या आणि पेढा घशाखाली उतरेना.

कोणी म्हणेल, नेमबाजी हा एकट्याचा खेळ, संघाची गोष्ट वेगळी. मान्य. संघात पंधरा पोरं, पंधरा अहंकार. पण तिथेही उदाहरणं आहेत. दिल्लीच्या सुनीता शर्मांना २००५ साली क्रिकेटसाठी द्रोणाचार्य मिळाला. भारताकडून कसोटीत यष्टिरक्षण केलेला दीप दासगुप्ता त्यांच्या हाताखाली तयार झाला. फ्रान्समध्ये कोरीन दियाक्र यांनी २०१४ ते २०१७ क्लेरमाँच्या पुरुष फुटबॉल संघाला दुसऱ्या श्रेणीत शिकवलं.

मला सर्वांत आवडते ती हाँगकाँगची चान युएन-तिंग. सत्तावीस वर्षांची मुलगी. २०१५ च्या डिसेंबरमध्ये ईस्टर्न या पुरुषांच्या संघाची कोच झाली आणि २०१६ मध्ये त्यांना लीग जिंकून दिली, २१ वर्षांनी. पुढच्या वर्षी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये चीनच्या ग्वांगझूकडून तिचा संघ ०-७ असा सपाटून हरला. समोरच्या बाकावर ब्राझीलला विश्वचषक जिंकून देणारे स्कोलारी होते. आता मला सांगा, पुरुष कोचचा संघ सात गोल खाऊन आला तर "पुरुषांना जमत नाही" असं कोणी म्हणतं का? बाईला मात्र एका पराभवात सगळ्या बायकांच्या वतीने हरावं लागतं. आम्ही तिघंही त्या संध्याकाळी नेमकं तेच घाबरत होतो. बाई नेमली आणि हरलो, तर आपण हास्यास्पद ठरू. पुरुष नेमून हरलो, तर नुसते हरलो.

आपल्या चेन्नईत या बाबतीत बुद्धिबळवाले पुढे आहेत. आर. बी. रमेश आणि आरती रामस्वामी हे जोडपं अकादमी चालवतं, मुलगे-मुली एकाच वर्गात शिकतात. तिथे कोच बाई की पुरुष हा प्रश्न निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या मंडळाच्या तरुणांच्या क्रिकेट संघाला यंदा कोच नाही. सभेला बसलेल्या एक भगिनी विद्यापीठाकडून खेळल्या आहेत. त्या माझ्याकडे रागाने बघत आहेत, म्हणून नाव घेत नाही. रविवारी कार्यकारिणीत विषय येईल. बैठकीआधी सकाळी मुलं बीचवर सरावाला जमतात, तिथे जाऊन आधी त्यांना विचारा. मीही येईन, पण मत देणार नाही. माझं मत मी मागेच खर्च केलं आहे.