शुश्रूषा करणाऱ्याचा अधिकार
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



रुग्णसेवा हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. परंतु पुण्यकर्मालाही माहितीची जोड लागते. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये व मेयोत गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा येथून येणारे रुग्ण आजही कागदांची पिशवी काखोटीस मारून येतात. ती पिशवी ज्याच्या हाती, त्याच्यापाशी दुखण्याचा सारा वृत्तान्त.

आता ही पिशवी हळूहळू मोबाईलमध्ये शिरू लागली आहे. सरकारी रुग्णालयांत घरबसल्या नोंदणी करण्याची सोय 2015 साली सुरू झाली. पुढे 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला आणि 14 अंकी ‘आभा’ क्रमांकाशी आपले अहवाल स्वेच्छेने जोडणे शक्य झाले.

सोय उत्तम आहे. प्रश्न आहे तो किल्लीचा. खाते आईचे, परंतु ओटीपी जातो पुण्यास किंवा परदेशी राहणाऱ्या मुलाकडे. पथ्य सांभाळते, औषध देते, रात्री उशाशी जागते ती सून. आणि डॉक्टरांनी मागील अहवाल विचारला की तिनेच दुसऱ्याच्या फोनची वाट पाहत बसावे! भार एकीवर आणि अधिकार दुसऱ्याकडे, ही विसंगती आपल्याच घरातील आहे.

याचा अर्थ आईचे खाते कोणीही उघडावे, असा मुळीच नाही. कोणते कागद कोणत्या रुग्णालयास व किती काळ दाखवावयाचे हे ठरविण्याचा, तसेच दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकार रुग्णाचाच आहे. वृद्धापकाळी माणसाची शक्ती जाते, लज्जा व अभिमान जात नाहीत. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही मृत्यू वा असमर्थता ओढवल्यास आपले अधिकार कोणी चालवावे, त्याचे नामनिर्देशन करण्याची तरतूद आहे. तेव्हा शुद्ध आहे तोवरच वडीलधाऱ्यांना विचारावे, हे बरे.

माझी विनंती एवढीच. खात्यास जोडावयाचा क्रमांक रुग्णाचा स्वतःचा, अथवा त्याच्या इच्छेने जवळ राहून सेवा करणाऱ्याचा असावा. ओटीपी अनोळखी माणसास सांगू नये. महत्त्वाच्या अहवालांची छापील प्रत घरी ठेवावी. आणि आपल्या तरुणांनी महिन्यातून एक रविवार समाजभवनात बसून ज्येष्ठांना व गृहिणींना हे सारे हाताला धरून शिकवावे.

सेवेचा भार जिने उचलला, तिच्यावर विश्वासही टाकावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.