सेवा हवीच, पण हक्क आधी



जनकाच्या सभेत अष्टावक्र आले, तेव्हा त्यांचे वाकडे शरीर पाहून सभा हसली, ही कथा कीर्तनांतून घरोघरी पोचली आहे. सभेला त्यांची विद्वत्ता कळली, ती त्यांना बोलू दिले म्हणून. दारातूनच परत पाठवले असते, तर हानी सभेचीच झाली असती. दिव्यांगांच्या हक्कांचा प्रश्न आजही याच दारापाशी अडला आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील. आपल्या समाजात सेवाभावाची उणीव नाही. कृत्रिम पायांची शिबिरे भरतात, नेत्रदानाचे संकल्प होतात. २००८ मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या ‘सक्षम’चे कार्यही सर्वपरिचित आहे. परंतु शिबिरात पाय मिळालेला तरुण कामावर परतला आणि ‘आता घरीच विश्रांती घ्या’ असे त्याला ऐकवले गेले, तर त्या सेवेचे फलित काय?

याचे उत्तर कायद्यात आहे. १९९५ च्या कायद्याची जागा ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ ने घेतली आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून किमान ४ टक्के झाले. मात्र आरक्षणाइतकेच महत्त्वाचे कलम २० फारसे कोणाला ठाऊक नसते. शासकीय सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर त्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही अथवा त्याची पदावनती करता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद द्यावे लागते; तेही नसेल, तर अधिसंख्य पद निर्माण करावे लागते.

कुणाल सिंह हे केंद्रीय दलातील शिपाई. त्यांचा पाय कापावा लागला आणि १९९८ मध्ये त्यांना सेवेतून निवृत्त करण्यात आले. निवृत्तिवेतन मिळते आहे, मग तक्रार कसली, असा युक्तिवाद झाला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि १९९५ च्या कायद्यातील तशाच तरतुदीनुसार त्यांना न्याय दिला. म्हणूनच अपघातानंतर कुटुंबीयांनी घाबरून राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नये. ती एक सही हातचा हक्क घालवू शकते.

खासगी आस्थापनाही कायद्याबाहेर नाहीत. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करणे कलम २१ नुसार बंधनकारक आहे.

नोकरीइतकाच सेवांचा प्रश्न गंभीर आहे. २०१२ मध्ये जीजा घोष कोलकात्याहून गोव्यातील परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे, एवढ्या कारणावरून विमानात बसल्यानंतर त्यांना उतरवण्यात आले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने तर डिजिटल सेवांची सुगमता जगण्याच्या मूलभूत हक्कात समाविष्ट केली. ज्याला डोळ्यांची उघडझाप करता येत नाही, त्याचे बँक खाते केवळ त्या चाचणीपायी अडू नये, हा त्यामागील विचार आहे.

कायदा पुस्तकात आहे; तो माणसापर्यंत पोचवणे हे कार्यकर्त्याचे काम. आपल्या वस्तीतील दिव्यांगांची यादी करावी. प्रमाणपत्र नसेल, तर ते मिळवून द्यावे. अन्याय झाला असेल, तर पुण्यातील राज्य आयुक्तांकडे लेखी तक्रार करण्यास साहाय्य करावे. आणि आपल्यापैकी जे स्वतः दुकान, कारखाना वा शाळा चालवतात, त्यांनी आपल्या पायरीशेजारी उतार आहे का, हे आधी पाहावे. उपकाराच्या भावनेने दिलेली नोकरी मालकाची मर्जी फिरताच जाते. हक्काने मिळालेली नोकरी माणसाला ताठ मानेने उभे करते. समाज संघटित करायचा, तर त्यातील एकही घटक दाराबाहेर राहून चालणार नाही.