रात्री पुणे का लागतं?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



डिप्लोमाला शिकलेलं काहीतरी सोप्या भाषेत सांगा, अशी मंडळाची सूचना होती. म्हणून आज आपल्या जुन्या रेडिओविषयी बोलतो.

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या जुन्या मराठी घरांना एक अनुभव ठाऊक आहे. दुपारी मीडियम वेव्हवर पुणे केंद्र लावलं तर नुसती खरखर. दिवेलागण झाली की तेच केंद्र हळूहळू वर येई. मात्र सोबत शिट्टी, मध्येच एखादी अनोळखी भाषा आणि आवाजाची चढउतार. लोक म्हणत, "आज हवा खराब आहे." पण दोष हवेचा नव्हता.

मीडियम वेव्हची लहर दोन वाटांनी निघते. एक जमिनीलगत, दुसरी आकाशाकडे. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवर उन्हामुळे तयार झालेला थर आकाशाकडे जाणारी लहर शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहर १०० किलोमीटरच्या वरच्या थरांपर्यंत पोहोचते आणि तिथून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरते. कलबुर्गीहून पुणे सरळ रेषेत सुमारे ३४० किलोमीटर आहे. रात्री ऐकू येणारं पुणे असं आकाशमार्गे येतं.

पण आकाशाची वाट एकट्या पुण्यासाठी उघडत नाही. १९७५ च्या जिनिव्हा करारानुसार आशिया, युरोप आणि आफ्रिकेसाठी मीडियम वेव्हवर ९ किलोहर्ट्झच्या अंतराने १२० जागा आखल्या गेल्या. केंद्रं मात्र हजारो. म्हणून एकच जागा अनेक केंद्रांना द्यावी लागली. दिवसा ती एकमेकांना दिसतही नाहीत, रात्री आपल्या रेडिओत समोरासमोर येतात. जे आकाश पुणे आणून देतं, तेच गोंधळही आणतं.

आपल्या भागाची गंमत पाहा. हैदराबाद ७३८, धारवाड ७६५, पुणे ७९२ किलोहर्ट्झ. तिघांत अंतर बरोबर २७-२७. काटा एक बोटभर फिरवला की तेलुगू-उर्दू, कन्नड आणि मराठी! भाषांची अशी शेजारपाजार आपण घरात जगतो, ती डायलवरही होती.

आणखी एक कोडं. कधी कधी रात्री जवळचं केंद्र डळमळतं आणि दूरचं स्वच्छ लागतं. केंद्रापासून साधारण शंभर-दीडशे किलोमीटरवर जमिनीची आणि आकाशाची लहर सारख्याच जोराची होऊन एकमेकींना कापतात. त्याहून दूर फक्त आकाशाची लहर उरते. बिदरपासून कलबुर्गी शंभरेक किलोमीटरच आहे!

नको असलेलं केंद्र घुसलं तर संच हळूहळू फिरवून पाहा. आतल्या फेराइटच्या कांडीचं टोक ज्या दिशेला येतं, तिकडचं केंद्र क्षीण होतं. एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जरही बंद करा, बरीच खरखर त्यांचीच असते.

आज देशात मीडियम वेव्हचे प्रक्षेपक एकेक करून बंद होत आहेत आणि एफएम येत आहे. एफएमचा आवाज गोड, पण त्याची मजल साधारण पन्नास-साठ किलोमीटर. ती लहर आकाशातून परतत नाही. मोबाईलवर सगळी केंद्रं मिळतात हे खरं, पण त्याला टॉवर आणि वीज लागते. ३० सप्टेंबर १९९३ आठवा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. किल्लारी बसवकल्याणपासून सरळ रेषेत जेमतेम ४०-४५ किलोमीटर. अशा रात्री आधी वीज आणि फोन जातात. दोन सेलवर चालणारा संच मात्र दूरची बातमी आणू शकतो.

म्हणून एकच विनंती. माळ्यावरचा रेडिओ भंगारात देऊ नका. सेल घाला आणि एका रात्री आरतीनंतर मुलांना घेऊन गच्चीवर बसा. सीमेपलीकडची मराठी विनातिकीट, विनापरवाना आपल्या घरी कशी येत होती, ते त्यांना त्यांच्या कानांनी ऐकू द्या.

गणपती बाप्पा मोरया!